पहिला बोल्ट

४ ऑगस्ट, सोमवार
हात थरथरतो म्हणून माणूस संपत नाही. डॉक्टर म्हणाले, "आता बारीक कामं नकोत." म्हणोत बापडे! पण लेकही म्हणाली, "बाबा, गॅरेजची किल्ली आता माझ्याकडे द्या." तिला पाना धरायला मी शिकवलं, आणि ती मलाच घरी बसवायला निघाली!

मी म्हटलं, पैज. माझ्या जुन्या गाडीला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवतो. एकटा. कोणी हात लावायचा नाही. जमलं तर किल्ली माझ्या कमरेला, नाही तर तुझी.

ती म्हणाली, "ठरलं." ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोघांनाही उद्योग नाहीत."

५ ऑगस्ट, मंगळवार
गाडी उचलली. मागची चाकं आणि एक्सल निघाले. कंबर धरली, पण निघाले.

गाडीचं दुखणं जुनंच — मागचं एक चाक चिखलात गेलं की सगळी ताकद त्यालाच. ते गरगर फिरणार, दुसरं ढिम्म. नवं डिफरन्शियल दोघांनाही कामाला जुंपतं. असं एक आमच्या घरातही बसवायला हवं.

चहा अर्धा कपच घेतला. सांडत नाही. कोणाला काय करायचंय?

६ ऑगस्ट, बुधवार
जुनं डिफरन्शियल बाहेर. त्याच्यावरचं मोठं दातेरी चाक — आम्ही क्राऊन म्हणतो — काढून नव्यावर चढवायचं. दहा बोल्ट. पहिलाच अडून बसला. पान्याला पाइप लावून जोर दिला, तर डोकंच उडालं! सडला असणार तेलात बसून. तुटलेलं डोकं भंगाराच्या डब्यात टाकलं.

लेक पलीकडे कार्बोरेटर धूत होती. "काय झालं, बाबा?"

"काही नाही. तू तुझं बघ."

७ ऑगस्ट, गुरुवार
नव्या बोल्टसाठी स्पेअरपार्टवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, उलट्या आट्यांचाच ना?"

फोन ठेवला आणि स्टुलावर बसलो.

ह्या बोल्टांचे आटे उलटे असतात. जगातले बोल्ट डावीकडे सुटतात, हे उजवीकडे. लेक बारा वर्षांची असताना तिला पहिला धडा ह्याच बोल्टांवर दिला होता. आणि काल मी पाइप लावून तो आवळत बसलो होतो.

हात चुकला नव्हता. मला आठवलंच नाही. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. भीती वाटली — लिहून टाकतो.

उरलेले नऊ उजवीकडे फिरवले, निमूट सुटले. मोडक्या बोल्टचा आत अडकलेला तुकडा पकडीने काढला. कोणाला सांगणार नाही. पैज हातावर लागली होती, डोक्यावर नाही!

९ ऑगस्ट, शनिवार
दातात दात बसवताना मध्ये केसाएवढी फट लागते. चकत्या घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. मापाचं डायल चुंबकावर उभं, त्यामुळे माझा हात काय करतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अकराव्या वेळी काटा हवा तिथे आला. हिने जेवायला तीनदा हाका मारल्या.

१० ऑगस्ट, रविवार
बसलं! चाकं अधांतरी ठेवून एक चाक हाताने फिरवलं. पूर्वी दुसरं उलटं फिरायचं. आज दोन्ही एकाच दिशेने.

मग गाडी धुण्याच्या जागेमागे नेली. एक चाक चिखलात, एक कोरड्यावर. डगमगली नाही, निघाली. लेक म्हणाली, "जिंकलात, बाबा." किल्ली कमरेला आहे. म्हातारा संपला म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं!

झोप मात्र येत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार
गॅरेज मीच उघडलं आणि किल्ली लेकीच्या हातावर ठेवली. म्हटलं, "तो पहिला बोल्ट..."

तिने पुढे बोलू दिलं नाही. खिशातून बोल्टचं तुटकं डोकं काढून बाकावर ठेवलं. बुधवारपासून तिच्याकडे होतं. "तुम्ही कुठल्या बाजूला जोर लावत होता, ते मी बघितलं होतं," म्हणाली. डोळे पुसले आणि किल्ली कमरेला खोचली.

"उद्या नऊला या. उशीर चालणार नाही."

पावणेनऊलाच दारात उभा राहीन.