उघाडीच्या फळ्या

माहीम, मुंबई
शनिवार, ५ जुलै १९५८

चि. मनमोहन यास,

अनेक आशीर्वाद. तुझं आणि सौ. लतिकाचं कुशल असेल असं धरून चालतो. तुझं शेवटचं पत्र होळीचं, आणि त्यात कुशल दोन ओळी व वाडी विकण्याचा आग्रह दोन पानं होता.

इथे आम्ही दोघं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा पावसाळ्यात बोलतो तेवढा बोलतो आहे. मी सकाळी फिरून येतो असं लिहिलं असतं, पण फिरायला जमीन नाही. वाडीत पोटरीभर पाणी आहे.

यंदाचा पाऊस तुला पत्रातून कळायचा नाही. तुमच्या दिल्लीत तो पाहुण्यासारखा येतो, इथे बिऱ्हाड करून बसला आहे. गेले दोन आठवडे उघडीप अशी नाहीच. गिरगावच्या शाळेत मी एकतीस वर्षं पाऊस शिकवला. मुलं बाकावर ताल धरायची आणि मी खिडकीबाहेर बघत चाल लावायचो. चौथीच्या पुस्तकातला तो पाऊस मोत्यांचा आणि झोपाळ्यांचा होता. तो कधी कुणाच्या मुळाशी पंधरा दिवस ठाण मांडून बसला नाही. हा बसला. तोंडलीचा मांडव कलला, सुरण जमिनीतच कुजले, विहिरीजवळच्या वाफ्यांची आता फक्त आठवण आहे.

आकाशाला सगळा दोष देऊन उपयोग नाही. पूर्वेकडची वाडी त्या कंत्राटदाराने घेतली, हे तुला माहीत आहेच. त्याने दगडमाती टाकून ती पुरुषभर उंच केली. मधला चर बुजला. तिकडचं सगळं पाणी आता आपल्यात उतरतं आणि बाहेर जायला एकच वाट उरली आहे, खाडीच्या बांधातली आपली उघाडी. ओहोटीला तिच्या फळ्या वर ओढायच्या, पाणी खाडीत सोडायचं. भरतीआधी फळ्या खाचेत पाडायच्या. बाबा करायचे तेच. तुझं बोट त्या फळीखाली चेपलं होतं, आठवतं? ते नख अजून वाकडंच असेल.

मंगळवारी गुरुपौर्णिमा होती. चार जुने विद्यार्थी आले होते. रघुवीर आता पोस्टात हेडक्लार्क आहे, जयवंत परळच्या एका गिरणीत टाइमकीपर. पेढे आणले, पाया पडले. बरं वाटलं.

त्याच दिवशी एक वाईट झालं. आपला वाडीवरचा गडी कुशाबा सकाळीच परळला गेला होता, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेची पत्रकं वाटायला. पावसाचं पाणी जावं म्हणून फळ्या वर ओढलेल्या होत्या. भरती आली आणि उघाडी उघडीच राहिली. खाडी थेट विहिरीच्या कठड्याला लागली. मोगरा गेल्यात जमा आहे. अनंताची पानं काळी पडली. नारळींना काही होत नाही, त्या खाऱ्याला सरावलेल्या. आईचा सोनचाफा उभा आहे, पण त्याच्याकडे बघवत नाही.

झालं ते झालं. यावर अधिक लिहीत नाही.

कंत्राटदाराचा माणूस काल बांधावरून वाडी न्याहाळत होता. तुझ्या सहीचा कागद त्याच्या खिशात आहे म्हणे. माझ्या सहीवाचून तो कागद म्हणजे पावसात सोडायची होडी, हे तो जाणतो आणि तूही जाणतोस.

सौ. लतिकाला आशीर्वाद.

तुझा,
कमलाकांत

---

माहीम, मुंबई
रविवार, २० जुलै १९५८
अधिक श्रावण शुद्ध ४

प्रिय मनू,

नेहमीचे आशीर्वाद आहेतच. पण आज मायना लांबवत नाही, कारण सकाळचे दहा वाजले आहेत आणि माझ्याकडे फक्त दोन तास आहेत. का, ते शेवटी लिहितो.

तुझं पत्र दहा तारखेला मिळालं. तू लिहिलंस, "कुशाबाला काढून टाक. मोर्चे काढायला त्याला वाडीवर ठेवलेला नाही. त्याच्या एका विसरभोळेपणाने बाबांची वाडी बुडाली. आता तरी हट्ट सोड आणि सोबतच्या कागदावर सही कर."

ते पत्र हातात घेऊन मी पडवीत बसलो होतो. समोर कुशाबा चिखलातून मेलेला मोगरा उपटत होता. त्याला वाचता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्याने मान वर करून विचारलं, "मनूभाऊंचं पत्र? काय म्हनतात?"

मी म्हटलं, "पावसाची चौकशी करतात."

तुझी वहिनी दारात उभी होती. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मनू, एकतीस वर्षं मी मुलांना कोपऱ्यात उभं केलं. त्या दिवशी मी उभा राहिलो.

आता नीट ऐक. त्या मंगळवारी पहाटे कुशाबाने फळ्या ओढल्या, आणि जाताना मला विचारलं, "मास्तर, नऊला फल्या टाकाल ना? मी राहू का? पत्रकं कोनीपन वाटील."

मी काय म्हणालो असेन? "अरे, मी मास्तर आहे, विसरणारा विद्यार्थी नाही. जा तू. मुंबई मिळवून ये."

तो हसत गेला. आणि नऊच्या सुमाराला ते चौघं आले, हार घेऊन, भिजलेले, गुडघ्यापर्यंत विजारी दुमडलेल्या. रघुवीरचे केस पिकलेत. तो म्हणाला, "सर, ती नदीची कविता एकदा तुमच्या चालीवर. कितीतरी वर्षं झाली." मी आढेवेढे घेतले, ते फक्त आणखी आग्रह व्हावा म्हणून. मग म्हटली. चौघे मांडीवर ताल धरून बसले होते, कौलांवर पाऊस होता, आणि मला वाटलं मी पुन्हा त्या वर्गात आहे, खिडकीशी. ती संपली तर जयवंत म्हणाला, "आणि ती पाखरांची?" तीही म्हटली. मग तिसरी. त्यातल्या एका जागी माझा आवाज अजून तसाच लागतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्या जागेसाठी मी ते कडवं दोनदा म्हटलं.

दुसऱ्यांदा म्हणत होतो तेव्हा तुझी वहिनी यशोदा आतून आली. म्हणाली, "कविता झाली असेल तर जरा खाली बघा."

पायरीला पाणी लागलं होतं. चपला तरंगत होत्या. मी वाकून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं. खारट.

चौघेही धावले. जयवंत छातीभर पाण्यात उतरून फळ्या दाबत होता. पण भरतीच्या तोंडावर फळी खाचेत बसत नाही, हे तुझ्या बोटाला माहीत आहे. सव्वाअकरापर्यंत खाडी आत येत राहिली.

पंधरा पाऊणे सव्वाअकरा! बाबांनी आपल्याला काय शिकवलं होतं? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. ती पाऊणकी मी शेकडो मुलांना पाठ करून घेतली. त्या चौघांनाही मीच शिकवली होती. पाच माणसं त्या खोलीत पाऊणकी पाठ असलेली बसली होती, मनू, आणि ज्या एकाला ती येत नाही, जो नुसतं पाणी बघून वेळ सांगतो, त्याला मी परळला पाठवलं होतं.

तो संध्याकाळी परत आला. बांधावर उभा राहून सगळं बघितलं. दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यातली सुभद्रा मावशी विचारायला आली, "काय रे कुशाबा, खारं आत कसं घेतलंस?" मी पडवीतच होतो. तो म्हणाला, "ऱ्हायलं माझ्याच हातून." आणि मी, आयुष्यभर खरं बोलावं असं फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिणारा, गप्प बसलो. मग तुलाही तसंच लिहिलं. एक शब्द खोटा नव्हता त्या पत्रात, आणि एक वाक्य खरं नव्हतं.

परवा सुभद्रा मावशीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "म्हाताऱ्या, गानं तरी चांगलं म्हनलास ना?" आज तुला सांगतो आहे.

आईचा सोनचाफा गेला. तो पावसाने नाही गेला. माझ्या हाताने गेला.

आता तू म्हणशील, दादाच्या हातून वाडी सांभाळली जात नाही, म्हणून विकायलाच हवी. हेच तू म्हणशील हे ठाऊक असूनच लिहिलं आहे. माझ्याविरुद्धचा पुरावा मी तुला माझ्याच अक्षरात पाठवतो आहे. खुशाल वापर. पण कुशाबा जाणार नाही. आणि मी सही करणार नाही.

वाडी बुडाली असंही समजू नकोस. कुशाबाचं आजोळ अलिबागेकडच्या खारजमिनीतलं. तो म्हणाला, "मास्तर, खारं शिरलं तर आमी रडत नाय बसत. राता पेरतो." राता म्हणजे तांबडं भात. मिठाच्या जमिनीतही उगवतं. त्याची रोपं लावत नाहीत, बी भिजवून मोड आणतात आणि चिखलात फेकतात. पावसाळ्यात लाँच बंद, म्हणून तो पनवेलवरून एसटीने जाऊन बियाणं घेऊन आला. भिजवलेलं पोतं चुलीजवळ ठेवलं, त्यावर वजन हवं होतं. यशोदेने माझी बांधून घेतलेली शाळेची सगळी वाचनमाला आणली आणि पोत्यावर रचली.

मी ओरडलो, "अगं, पुस्तकं आहेत ती!"

ती म्हणाली, "बाहेरचे दगड गार आहेत. ही चुलीशी ऊब धरतील. आणि एवढी वर्षं नुसती जड म्हणून कपाटात आहेत, आज कामाला येऊ देत."

दोन दिवसांनी पोतं सोडलं तर पांढरे मोड आले होते, आणि चौथीच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याला चार दाणे चिकटले होते. ते मी काढले नाहीत.

बारा तारखेला पेरलं. उशीर झाला आहे, महिनाभर तरी. कुशाबा साफ सांगतो, "दाना भरंल का नाय, मी बोलनार नाय." नको बोलू. पण गंमत बघ, ज्या पावसाला मी पंधरा दिवस शिव्या घातल्या, तोच आता मीठ धुऊन नेतो आहे. जितका जास्त पडेल तितकं बरं. वरून गोडं पाणी साचतं, ओहोटीला आम्ही ते उघाडीतून सोडतो, त्याबरोबर खार जातो. दिवसातून दोनदा, रात्रीची पाळी कुशाबाची आणि दिवसाची माझी. पडवीत शाळेतला जुना फळा टांगला आहे. रोजची तिथी, पाऊणपट, फळ्या पाडायची वेळ. बुधवारच्या अवसेचं उधाण आलं, बांधाच्या काठाला टेकलं, आणि परत गेलं. आत एक थेंब आला नाही. आणि काल सकाळी चिखलावर हिरवं दिसलं. इतकं पुसट, की मला चष्मा पुसावा लागला. नंतर कळलं, चष्मा स्वच्छच होता.

त्याच वेळी कंत्राटदाराचा माणूस आला. छत्री, काखेत कागद. म्हणाला, "मास्तर, पाणीच तुम्हाला बाहेर काढतंय. आम्ही फक्त कागद आणलाय."

मी म्हटलं, "आमच्याकडे पाण्याला उघाडीतून बाहेर काढतात. तुम्हालाही तीच वाट."

कुशाबा इतका हसला की फावडं टेकून खाली बसला.

मनू, तू लिहितोस की माहीम आता शहर झालं, वाड्यांचे दिवस संपले, वस्तुस्थिती मान्य करावी. दिल्लीत बसून मुंबईचं काय करायचं ते ठरवायची सवय तुम्हां लोकांना लागलीच आहे. आम्ही द्विभाषिक राज्य मान्य केलं नाही, ही दगडमातीची भरणी कशी मान्य करू? मी म्हातारा आहे. विसरतो. कवितेत वाहून जातो. पण ज्याला वाहून जायचं ठाऊक आहे तोच कशाला धरून राहायचं ते जाणतो, असं मला या वयात वाटू लागलं आहे. हे वाक्य तुला पंतोजी छाप वाटेल. वाटू दे.

तुझा कागद सोबत परत पाठवतो आहे. सहीची जागा कोरी आहे. पाठीमागे मात्र मी तिथींची पाऊणकी लिहिली आहे, प्रतिपदेपासून पंधरापर्यंत. तुझ्या नातवंडांना दाखव. दिल्लीत भरती येत नाही, पण पाठ असलेली बरी. दिवाळीला ये. भात झालं तर तांबड्या तांदळाची पेज मिळेल. नाही झालं तर तुझ्यासमोर पुढल्या वर्षीचं बी निवडू. काहीही झालं तरी ये.

आणखी पुष्कळ लिहायचं होतं. आईच्या चाफ्याखाली तू आणि मी पाढे म्हणायचो त्याविषयी एक कडवं जुळत आलं आहे, शेवटचा चरण तेवढा

पावणेबारा झाले. आज चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनला पूर्ण भरती, बाराला फळ्या पाडायच्या. कुशाबा बांधावरून हाक मारतो आहे, "मास्तर, गानं नंतर!" चरण अर्धा राहिला तर राहू दे.

उघाडीवर निघालेला,
तुझा दादा