आप्पा नावाचं तेल

आप्पा, आज सकाळी मी तुमच्याबद्दल एक ओळ लिहिली आणि ती पुष्कळ परक्या माणसांनी वाचली. त्यातल्या एकानंही तुम्हाला पाहिलेलं नाही, तुमचं गाव कुठल्या वाटेला लागतं हे त्यांना ठाऊक नाही, पण दुपारपर्यंत सगळ्यांना तुमचा पुळका आला होता. आता दिवेलागण झाली आहे आणि त्यांना तुमचं नाव हवं आहे. नाव म्हणजे नुसतं 'आप्पा', एका तेलाला द्यायला. मी हो म्हणायचं की नाही एवढंच राहिलं आहे. पण मला तुमचा इतका राग आलाय की आधी तो काढतो, मग त्यांचं बघतो.

ही मंडळी उदाची शौकीन आहेत. ऊद म्हणजे आपल्याकडं दर्ग्यात निखाऱ्यावर टाकतात ती पूड नव्हे. आसामाकडं अगरूचं झाड असतं. त्याला कीड लागली, आत बुरशी धरली, की लाकूड काळं पडतं आणि त्यात राळ साठते. ते लाकूड पाण्यात कुजत घालतात, मग भट्टीवर चढवून त्याचं तेल काढतात. थेंबभर मनगटाला लावलं तर दिवस मावळेपर्यंत जात नाही. या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. सकाळी प्रत्येक जण लिहितो, 'आज अंगावर अमुक तेल.' दुपारी लिहितो, आता कसा वास येतोय. संध्याकाळी पुन्हा, आता काय उरलंय. त्या दिवशी साबण लावायचा नाही, पावडर नाही, जेवणात लसूणसुद्धा जपून. नाकानं कांदे सोलणं ही म्हण लहानपणापासून ऐकत होतो, सोलणारे प्रत्यक्ष इथं भेटले.

आणि लिहितात काय, ते ऐका. 'सुरुवातीला गोठा. मग ओली लोकर, शेळीचं अंग, जुनं चामडं. तासाभरानं मधासारखा गोडवा.' गोठा हा यांच्यात कौतुकाचा शब्द आहे. ज्यांच्या सोसायटीत मांजर शिरलं तरी तक्रार होते, ते मनगट हुंगून 'वा, काय अस्सल गोठा' म्हणतात. उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय असतं? मी त्यांना हसतो आणि त्यांच्यातच बसतो. कचेरीतून आलो की रोज लिहितो. लोक माझं लिहिणं वाखाणतात, म्हणतात तुमच्या नाकाला जनावरं बरोबर कळतात. मी धनगराचा मुलगा आहे हे आज सकाळपर्यंत तिथं कुणाला माहीत नव्हतं.

या नादाला मला तुम्हीच लावलंत. शाळेच्या वयाचा होईपर्यंत मी तुमच्या आणि आईच्या मागं रानोमाळ होतो. तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या रानात मेंढरं बसवायचात. रात्रभर लेंड्या-मूत पडून जमीन खतावते म्हणून शेतकरी बोलावून न्यायचे. जाळीच्या आत मेंढरं आणि जाळीला लागून आपण, घोंगडीखाली. थंडीत तुम्ही नुकतं जन्मलेलं कोकरू माझ्या पोटाशी सरकवायचात, त्याला ऊब आणि मलाही. मग मला धाराशिवाकडच्या वाशीच्या शाळेत घातलंत, तिथंच बोर्डिंगात ठेवलंत. पहिल्याच आठवड्यात मास्तर नाकाला रुमाल लावून म्हणाले, "खिडक्या उघडा रे, मेंढरं आली." वर्ग हसला. मला वाटलं खरंच आली. मी उठून खिडकीतून रस्ता बघायला लागलो, तुम्ही दिसताय का म्हणून. पोरं आणखी हसली. तुम्ही भेटायला आलात तेव्हा ही सगळी गंमत मी तुम्हाला सांगितली. तुम्ही हसला नाहीत.

त्याच्या पुढची भेट मला जशीच्या तशी दिसते. तुम्ही फाटकाबाहेर लिंबाखाली उभे आहात. मुंडासं नवं आहे, खांद्यावर घोंगडी नाही. मी पळत येतो. तुम्ही हातातली काठी आडवी धरता, कळपातून फुटणारं मेंढरू अडवतात तशी. माझी छाती काठीला लागते.

"लांब ऱ्हा. कापडं धुतल्याली हायती तुजी."

"आप्पा, म्या हाय."

"व्हय, दिसतंय मला. तितनंच बोल."

मी तिथूनच बोलतो. शाळेतलं काय काय सांगतो, आता आठवत नाही. भाकरीचं गठुडं तुम्ही काठीच्या टोकाला अडकवून पुढं करता. मी ते काढून घेतो आणि तुम्ही मागं न बघता निघता. पुढं सगळी वर्षं हेच. सुट्टीत गावी आलो तरी माझं अंथरूण चुलत्याच्या घरी, माझे कपडे पत्र्याच्या पेटीत कापराच्या वड्यांत. दहावीला पास झालो तेव्हा पाया पडायला वाकलो, तर तुम्ही दोन पावलं मागं सरकलात आणि मी मातीच्या पाया पडलो. गावात लोक तुमचं कौतुक करायचे, बापानं पोराला कसं स्वच्छ ठेवलंय बघा. मला ते कौतुक ऐकून आजही कडू होतं तोंड.

नोकरी लागली तेव्हा तुम्ही उरुसातल्या अत्तरवाल्याकडून हिन्याची बाटली घेऊन आलात. तीही दारातल्या कट्ट्यावर ठेवलीत, हातात दिली नाहीत. "लावून जात जा. साहेबलोकांत बसायचंय तुला. कोन काय म्हनायला नको." ते अत्तर इतकं उग्र होतं की शेजारच्या टेबलवाल्याचं डोकं दुखायला लागलं. पण मी ते संपेपर्यंत लावलं. मग दुसरं आणलं, मग तिसरं, असं करत करत या उदाच्या मंडळींपर्यंत पोचलो. तुम्ही दिलेल्या गोष्टींत माझ्या अंगाला लागली अशी तेवढीच एक होती.

आता आजचं सांगतो. आमच्यात पुण्याचे एक डॉक्टर आहेत, ग्रुप तेच चालवतात. त्यांनी या महिन्यात सगळ्यांना एकच तेल पाठवलं, बिननावाचं. कुठलं झाड, किती कुजवलं, काही सांगितलं नाही. एकेकानं एकेक दिवस लावायचं आणि मनात येईल ते लिहायचं. आज माझी पाळी होती. सकाळी अंघोळ झाल्यावर डाव्या मनगटाला थेंब लावला आणि हुंगला. पावसाळी रात्र, जाळीला लागून टाकलेलं अंथरूण, भिजलेली लोकर, घोंगडीला लावलेल्या चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास, सगळं आलं. मी लिहिलं, 'हा माझ्या वडिलांचा वास आहे. ते मेंढरं राखायचे.' एवढंच लिहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते लिहायची लाज वाटली नाही.

मग काय विचारता. लोकांनी मोबाइलवरच हात जोडले, फुलं वाहिली, कुणी लिहिलं वाचून रडू आलं. घरात मात्र बायको ताट ठेवता ठेवता म्हणाली, "काय हो, बकरं शिरलं का घरात? ते धुऊन या आधी." मी धुतलं नाही. तसाच कचेरीत गेलो. दर घटकेला मनगट नाकाशी नेत होतो. शिपाई दोनदा विचारून गेला, साहेब, हाताला लागलंय का काही.

घरी आलो तो सरळ आईपाशी गेलो. ती आता माझ्याकडंच असते, धाराशिवात. डोळ्यांनी अंधुक बघते, पण डाळ करपायच्या आधी तिला कळतं. मला वाटलं, तिलाही तुम्ही भेटाल. खोटं कशाला बोलू, तिनं रडावं असं मला वाटत होतं. मी मनगट तिच्या नाकाशी धरलं.

"वळख बरं, आई."

तिनं हुंगलं. "मेंढरू हाय. भिजल्यालं."

"आनि?"

"आनि काय? कुटनं आनलंस हे?"

"आप्पांचा वास न्हाय का ह्यो?"

ती हसली, आप्पा. पदर तोंडाला लावून लई वेळ हसली. "तुज्या आप्पांचा? न्हाय रं बाबा. मेंढराचा वास घोंगडीला, काठीला, मुंडाशाला. मानसाच्या अंगाचा येगळा."

"कसा होता मग?"

"आता कसा म्हनून सांगू? जवळ गेल्यावर कळायचा." मग तिला काहीतरी आठवलं आणि हसू गेलं. "तुला भेटाया निगायचे तवा वड्याला दोनदा अंगूळ करायचे. राखंनं घासायचे, वाळूनं घासायचे. कोपराला रगत यायचं. म्या म्हनायची, पोरगं काय साहेब हाय व्हय? तर म्हनायचे, व्हायचा हाय."

मी तिथून उठून इथं येऊन बसलो आहे. मला सांगा, मग ती काठी कशाला होती? रक्त निघेपर्यंत अंग घासून आलेला माणूस पोराला मिठी मारायला मोकळा नव्हता तर कोण होता? मला इतकी वर्षं वाटत आलं की तुम्ही तुमचा वास माझ्यापासून लांब ठेवलात. म्हणून मी तो बाटल्यांत हुडकत बसलो. आता कळतंय की वास ओढ्यातच जायचा, लांब ठेवलंत ते तुम्ही स्वतःला. एका मास्तराचं एक वाक्य तुम्ही देवाच्या कौलासारखं पाळलंत. तो मास्तर दुसऱ्या दिवशी विसरलाही असेल. तुम्ही जन्मभर विसरला नाहीत, आणि किंमत मी मोजली. रागाच्या भरात बोलतोय असं समजू नका. हे मी शांतपणे सांगतोय, आणि मला तुम्हाला माफ करावंसं वाटत नाही.

तान्हा होतो, कुशीत होतो, तेव्हा नाकात मेंढरंच भरलेली होती. पुढं तुम्ही जवळ येऊ दिलं नाहीत. गेलात तेव्हा मी गाडी बदलत बदलत पोचलो, तोवर भावकीनं तुम्हाला अंघोळ घालून, बुक्का लावून अंगणात ठेवलं होतं. मी तोंडाजवळ तोंड नेलं, तर बुक्क्याचा आणि उदबत्तीचा वास आला. आसामाकडचं लाकूड कोणतं आणि त्यापलीकडचं कोणतं, हे मी डोळे मिटून सांगतो. कमी कुजवलंय का जास्त, तेही सांगतो. बापाचा वास मला ठाऊक नाही. तो आईला ठाऊक आहे आणि ती तो सांगू शकत नाही.

आणि इकडं डॉक्टरांचा निरोप आलाय. 'आजवरची सगळ्यांत सच्ची नोंद. तुमची हरकत नसेल तर या तेलाला आपण आप्पा म्हणू. उद्या सगळ्यांनी हेच लावायचं.' खाली लोकांनी माझ्या होकाराची वाटही न पाहता सुरुवात केली आहे. 'उद्या अंगावर आप्पा.' 'मी तर मानेलाही लावणार आप्पा.' मी हे वाचतो आणि मला ओरडावंसं वाटतं, की अरे, माझा बाप कुणाला अंगाला लागू देत नव्हता. त्यांना खरं सांगायचं तर एक ओळ पुरे. आईनं ओळखलं, हे मेंढरू आहे, माणूस नव्हे. ती ओळ मी लिहिली होती. मग तुमची ती आडवी काठी डोळ्यांपुढं आली आणि मी ती खोडली. त्याऐवजी लिहिलं, 'चालेल.' उद्या पुण्यात, सोलापुरात, हैदराबादेत माणसं तुम्हाला मनगटाला चोळतील, गळ्याला लावतील, आणि तुम्हाला कुणालाच लांब ऱ्हा म्हणता येणार नाही. तुमची तेवढी खोड मोडली याचं मला समाधान आहे.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, ग्रुपवर तर नाहीच. आईलाही वाचून दाखवणार नाही, ती पुन्हा हसेल. बायको जेवायला हाक मारते आहे, हात धुऊन या म्हणते आहे. वास तुमचा नाही हे आता मला पक्कं माहीत आहे, आप्पा. तरी मी नुसती बोटंच धुणार आहे.