बंदरावरच्या घरात

कार्ल्सरूहे,
१४ ऑक्टोबर २००६

ती. बाबा,

क्षितिजाचा साष्टांग नमस्कार. आईंच्या गुडघ्याला मालिशनं उतार पडला का? इथे थंडी सुरू झालीय. तनयाला नवा कोट घेतला. बाह्या जरा लांब आहेत, पण पुढच्या वर्षीही चालेल.

"म्युझियममध्ये तू करतेस तरी काय?" असं तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा नीट सांगता आलं नाही. ऱ्हाइनकाठच्या जुन्या बंदरात मालवाहू बोटींच्या एका मालकाचं घर दीडशे वर्षांपूर्वी होतं तसं ठेवलंय. खाली मालाचं कोठार, वर बिऱ्हाड. तेव्हाची कामं आम्ही लोकांना करून दाखवतो. चूल पेटवायची, खलाशांसाठी मोठ्या हंड्यात वाटाण्याचं सूप रटरटत ठेवायचं, चादरी राखेच्या पाण्यात भिजवायच्या, फाटलेलं शीड शिवायचं. सुरुवातीला हाताला फोड आले. आता चूल माझं ऐकते.

त्या घरची बाई मार्गारेटे. नवरा पुरात बुडाला, त्यानंतर बोटी, खलाशी, मुलं, सगळं तिनंच पाहिलं. गेल्या रविवारी तिच्यासारखा झगा घालून मी पाहुण्यांना हे सांगत होते. तनया शेजारी बटाटे सोलत होती. मध्येच तिनं जर्मनमध्ये विचारलं, "मग ती तिच्या बाबांकडे परत नाही गेली?"

"नाही."

"का?"

हे पाठ केलेल्या माहितीत नव्हतं. "तिचं घर इथे होतं," मी म्हणाले.

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', असं म्हणून ती पुन्हा सोलायला लागली. परतताना बसमध्ये मात्र मराठीत विचारलं, "आई, आपलं घर कुठंय?"

बाबा, तुम्ही पाठवलेली डिसेंबरची तिकिटं मिळाली. पुण्यात तनयासाठी तुम्ही शाळा बघितलीत, आईंनी अनिमेषची खोली रंगवून घेतली. आणि मी प्रत्येक फोनवर "बघते" म्हणत राहिले. अनिमेष गेल्यापासून तुम्ही मला लेकीसारखं जपलंत. म्हणूनच तोंडातून 'नाही' निघत नव्हतं.

सोमवारी मी इथल्या पक्क्या नोकरीच्या करारावर सही केली. आम्ही दोघी येऊ, पण नाताळच्या सुट्टीपुरत्या. परतीची तिकिटं मी काढलीत.

"एकटी बाई कोणाच्या आधारावर राहणार?" असं तुम्ही म्हणालात. अवघड आहे, मान्य. ज्या वळणावर अनिमेषची गाडी घसरली, तिथूनच माझी बस जाते. आधी मी डोळे मिटून बसायचे. आता खिडकीबाहेर बघते.

उन्हाळ्यात तुम्ही दोघं इकडे या. ती खोली तनयासाठी राहू दे, सुट्टीत ती तिथेच झोपेल. माझ्यावर रागवा, हवं तेवढं बोला. फक्त मधेच फोन ठेवू नका.

सून तुमचीच, राहणार इथली,
क्षितिजा