डाव्या काखेतले टाके

बॉथेल. मंगळवार, १४ ऑक्टोबर, दुपारी ४ वाजून १० मिनिटं.

नेमकं तेव्हा ते पार्सल आलं. केतकीचा डायव्हिंगचा वेटसूट पहिल्याच डाइव्हला डाव्या काखेत उसवला होता, बर्फासारखं पाणी आत शिरलं आणि पोरगी निळे ओठ घेऊन वर आली. कंपनीने बदली सूट पाठवला. ‘ब्रँड न्यू’ म्हणे!

कपडा आधी उलटा करून शिवण बघायची, ही शाळेतल्या नन्सनी लावलेली सवय. केला उलटा. डाव्या काखेत हाताने घातलेले टाके. करडा दोरा, बारीक, सारख्या अंतराचे. माझ्यासारख्याच कुणा बाईचे. शेवटचे तीन तुटलेले. सीलबंद पिशवीतून निघालेला सूट, आणि तिथे बोट लावलं तर ओलसर, खारट.

"आई, कुणाचा तरी रिटर्न असेल. चिल!" केतकी म्हणाली.

"सूट रिटर्न आला गं. बाई आली का?"

  उगाच बोलले का?

सूट गराजमध्ये टांगलाय, पण ते तीन टाके डोळ्यांसमोरून हलत नाहीत. इतकं नीट शिवणारी बाई. तुटले तेव्हा ती किती खोल होती?

शनिवारी केतकी हाच घालून उतरणार म्हणते.

कंपनीला आत्ताच लिहिलं: रिफंड नको, कूपन नको, गोड बोलणं तर मुळीच नको. हा सूट आधी कुणी घातला आणि ती सुखरूप आहे का, एवढं लेखी कळवा. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत.