पारख माझी, मंत्र खोटा

६ मे १९७९, रविवार
नवी पेठेत एकनाथकडे. त्याच्या भावानं अमेरिकेतून एक खेळ पाठवलाय. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकनाथ भुयाराचं वर्णन करतो, आपण काय करणार ते आपण सांगायचं, मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. भुयारात जादूच्या वस्तू सापडतात. त्यातल्या निम्म्या खोट्या. कुणा लबाडानं साध्या तांब्यालाही जादूची झळाळी चढवलेली. मी झालो मांत्रिक मायाभंजन. खोटं ओळखायचा मंत्र माझ्याकडे, एका रविवारी एकदाच.

गरज नाही. चादरींच्या दुकानात नऊ दिवस काढलेत. दहाव्या दिवशी मालकाशी तात्त्विक मतभेद. दुकानदार ज्याचं कौतुक करतो तो माल रद्दी. खऱ्या मालाबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

खेळणाऱ्यांना खुर्च्या दोनच. एक माझी, एक एकनाथच्या बहिणीची, प्रभाची. जो मेला त्याची खुर्ची शेजारच्या विरुपाक्षला. तो खिडकीत उभा राहून आमच्या मरणाची वाट बघतो. बघ म्हणावं.

९ मे
संकल्प: इंग्रजी नियमपुस्तक रविवारपर्यंत संपवणे. पान तीन झालं.

११ मे
माळशिरसला निघालेला ट्रक ओळखीचा निघाला. गेलो. पुस्तक घरीच. ऊस पाहिला. ऊस सगळीकडे सारखाच.

१३ मे, रविवार
एकनाथनं एका ढालीचं पाच मिनिटं वर्णन केलं. चांदीची कड, गरुड, निळी झाक. मी ती भुयारातल्या विहिरीत फेकली. तेवढ्यात आतून आईची हाक आली म्हणून तो घाईत म्हणाला, कोपऱ्यात एक अंगठी हाय. तीच घातली. प्रभा म्हणाली, मंत्र हाय की रे तुझ्याकडं, का त्याचं लोणचं घालणारेस? मी नुसतं स्मित केलं. तिनं दोर सोडून ढाल वर काढली. घे बाई रद्दी.

पुढं आग लागली. ढालीनं तिला वाचवलं. योगायोग. माझा हात भाजला. अंगठी हळूहळू लागू पडत असणार.

२० मे, रविवार, दुपार
विरुपाक्ष खिडकीतून म्हणाला, पारखीबुवा, एकदा तरी म्हणा की मंत्र, आमाला बी ऐकू द्या. त्याचं तोंड बंद करायला माझ्या अंगठीवरच म्हटला. एकनाथ म्हणाला, अंगठी खोटी. म्हणजे मंत्रच खोटा! पान तीनच्या पुढं मी का वाचलं नाही ते आता कळलं.

मग राक्षस. समोर दोन तलवारी. पहिलीचं वर्णन लांबलचक. दुसरीबद्दल एकनाथ एवढंच म्हणाला, आणि ही एक. मी हसू दाबलं. प्रभा ओरडली, अरे पहिली उचल, पहिली! हिला बाजार काय कळतो.

दुसरी उचलली. झळाळी उतरली. हातात पळी. फासा टाकला. दोन.

२० मे, संध्याकाळ
मायाभंजन गेला. पळीनं राक्षसाशी लढलेला पहिलाच मांत्रिक, पण त्याचं कुणाला काही नाही. प्रभानं पहिली तलवार उचलून राक्षस मारला. विरुपाक्ष माझ्या खुर्चीत बसण्याआधी ती रुमालानं झटकत होता. दोनदा झटकली.

एकनाथला म्हटलं, मी खिडकीतून सल्ला देत जाईन. तो म्हणाला, ये की, लई उपयोग होईल. तू खरी म्हणशील ती वस्तू आमी सोडून देऊ.

म्हणजे पारख मान्य केली. पुढच्या रविवारी चारला बोलावलंय. खिडकी उंच आहे, स्टूल माझं मीच आणायचं.