काऊचा घास

१८ ऑक्टोबर, बुधवार
दुकानातून, गिऱ्हाईक नसताना

प्रिय काऊताई,

नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण कमरेत उसण भरली आहे, तेव्हा उभ्याउभ्या केलेला गोड मानून घे. मी बरी आहे. दुकानही बरं चाललं आहे. लोक म्हातारे व्हायचे थांबत नाहीत आणि चष्मे हरवायचेही थांबत नाहीत, त्यामुळे माझं पोट भरतं. तू कशी आहेस हे विचारून उपयोग नाही. तू उत्तर देत नाहीस. वसंतात आई गेल्याचं कळवलं, त्यालाही दिलं नाहीस. म्हणजे मी लिहायचं आणि भिंतीला चिकटवायचं, असलाच प्रकार. पण काही गोष्टी भिंतीला सांगून भागत नाही.

गेल्या शनिवारी आपल्या गावचा कापणीचा मेळा झाला. तू शेवटची आली होतीस तेव्हापेक्षा आता फार वाढलाय. चौकापासून नदीच्या पुलापर्यंत नुसते मंडप. जमिनीवर पेंढा अंथरलेला, सभागृहाच्या पायऱ्यांवर भोपळे रचलेले, सफरचंदं पिळायच्या यंत्राभोवती गांधीलमाश्यांचं मोहोळ, आणि त्या सगळ्यावर भाजलेल्या कणसांचा धूर. डॉक्टरांनी त्यांच्या परसातला भोपळा हातगाडीवर घालून आणला होता. बेकरीवाला म्हणाला, "डॉक्टर, हा भोपळा आहे की तुमचा एखादा पेशंट?" डॉक्टर हसले, पण त्यांच्या बायकोने बेकरीवाल्याकडे असं बघितलं की त्याचा पाव करपावा. 

मी खरं तर अर्धा तास फिरून घरी जाणार होते. एकटीने मेळ्यात फिरायचं म्हणजे कुणाच्या तरी लग्नात आगंतुक गेल्यासारखं वाटतं. आई असताना आम्ही दोघी जायचो. ती प्रत्येक मंडपात चव घ्यायची, "छान आहे हं" म्हणायची आणि चार पावलं पुढे गेल्यावर मला सांगायची, "मिठाचा खडासुद्धा दाखवलेला नाही मेल्याने."

पण औषधवाल्याने मला गाठलं. यंदा तो मेळ्याचा अध्यक्ष आहे, आणि अध्यक्ष झाल्यापासून रस्त्यावरून चालतानासुद्धा भाषण केल्यासारखा चालतो. भोपळ्याच्या सुपाच्या स्पर्धेला परीक्षक हवा होता. गेल्या वर्षी डॉक्टर होते आणि त्यांनी पहिलं बक्षीस स्वतःच्या बायकोला दिलं. मला त्यात त्यांची चूक वाटत नाही, माणसाला संध्याकाळी घरी जायचं असतं. पण गावाने आरडाओरडा केला, म्हणून यंदा नवा नियम. परीक्षकाचे डोळे बांधायचे. ज्याने सूप केलं त्याने स्वतः पडद्यामागून यायचं, स्वतःच्या हाताने एकच चमचा भरवायचा, आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. परीक्षकाने बोटांनी गुण दाखवायचे.

"तुम्हीच बसा," औषधवाला म्हणाला. "तुमची ना कुणाशी सोयरीक ना कुणाशी वैर. घरात दुसरं माणूसही नाही." हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून उमगलेलं नाही.

तर मी बसले. आयुष्यभर लोकांना समोर बसवून "ही ओळ वाचा, आता खालची वाचा" करणारी बाई, आणि माझेच डोळे बांधलेले. औषधवाल्याचा मफलर होता, कापूर आणि खोकल्याच्या औषधाचा वास. दोन्ही हात मांडीवर ठेवून आणि तोंडाचा आ करून बसायचं. आजूबाजूला गाव खिदळतंय. मी मनात म्हटलं, चिऊबाई, शोभतंय हो या वयात.

थोड्या वेळाने मात्र मजा वाटायला लागली. डोळे बांधले की माणसं फार लवकर ओळखू येतात. बेकरीवाला खमिराच्या वासावरून कळला, शिवाय त्याने भट्टीत पाव सरकवावा तसा चमचा खुपसला, दातांवर वाजला. शाळेच्या मोठ्या बाईंनी चमचा असा पुढे केला, जणू मी उत्तर चुकले होते. डॉक्टरांच्या बायकोने चमचा काठोकाठ भरला होता, सगळा हनुवटीवरून गळ्यात. प्रत्येक जण आला की आधी पेंढा खसखसायचा, मग सावली पडल्यासारखं वाटायचं, मग चमचा.

थांब, गिऱ्हाईक आलं.

गेलं. डॉक्टरांचीच बायको. शंभर वर्षं आयुष्य आहे तिला. चष्म्याची काडी घट्ट करायची होती म्हणे, पण खरं तर तिला तीन बोटंच का दाखवली ते विचारायचं होतं.

कुठे होते मी? हां. त्यानंतर जे कोणी आलं, त्याच्या पायाखाली पेंढा वाजला नाही.

माझ्या तोंडासमोर कुणीतरी फुंकर मारली. सूप केव्हाचं थंड झालं होतं गं, सगळ्यांचंच. दुपारभर भांडी तशीच पडून होती. गार सुपावर कोण फुंकर मारतं? आपल्या घरात एकच बाई मारायची. दह्यावर मारायची, कापलेल्या सफरचंदावर मारायची. तू एकदा तिला म्हणालीस, "आई, आता पाण्यावरही मार," आणि तिने खरंच मारली होती.

मग दुसरा हात हनुवटीखाली आला, ओंजळीसारखा, सांडू नये म्हणून. आणि चमचा तोंडात गेला.

करपलेलं होतं.

नुसतं करपलेलं नव्हे. करपलेलं, आणि ते लपवायला घातलेलं आंबट सफरचंद. आई खिडकीतून शेजारणीशी बोलत बसायची, भोपळा तळाला लागायचा, मग "टाकायचं नाही काही, उपाय आहे" म्हणून वर सफरचंद किसून घालायची. दर वेळी. मला शाळेत जाईपर्यंत वाटत होतं की भोपळा जन्मतःच करपलेला असतो. गावात ही चव दुसऱ्या कुणाच्या घरची असणं शक्य नाही, कारण इतक्या वेळा तीच चूक करायला आईच हवी.

माझ्या तोंडून निघून गेलं, "लागलंय गं तळाला."

आणि उत्तर आलं, अगदी कानाशी, "गप खा."

कुजबुजत बोललं होतं कुणीतरी. कुजबुजीला आवाज नसतो, ती कुणाचीही असू शकते. मग एका अंगठ्याने माझ्या ओठाचा कोपरा पुसला. आईचा अंगठा आणि तुझा अंगठा एका साच्यातला, असं बाबा म्हणायचे. दोघींचा बाहेर वळलेला. तेव्हा हातावरूनही मला काही सांगता येणार नाही.

म्हणून विचारते, ताई. तू आली होतीस का?

मफलर सोडल्यावर मी पडद्यामागे जाऊन एकेक भांडं हुंगलं. लोकांना वाटलं परीक्षक फारच काटेकोर आहे. करपलेलं एकही नव्हतं. औषधवाल्याला विचारलं, बेकरीवाल्यानंतर, मोठ्या बाईंनंतर, डॉक्टरीणबाईंनंतर कोण आलं होतं? तो म्हणाला, "कोणी नाही. मध्ये जरा वेळ गेला. तुम्ही आ करून बसला होतात, मला वाटलं दम खाताय." पण त्या वेळी तो ध्वनिक्षेपकवाल्याशी भांडत होता, त्याची साक्ष काय कामाची?

पहिल्या बाकावर निवृत्त नर्सबाई बसल्या होत्या. तुझं टॉन्सिलचं ऑपरेशन झालं तेव्हा तुला गोष्टी सांगायच्या, त्याच. मी त्यांच्याजवळ गेले, तर त्याच म्हणाल्या, "तुझी आई आली होती की. बरी दिसत होती हो. जरा वाळली आहे, पण बरी आहे." अशा म्हणाल्या, जणू आई बाजारात भेटली होती.

आता त्यांचे डोळे मीच तपासते. दोन्हीत मोतीबिंदू आहे. त्यांना पाच पावलांवरचं माणूस म्हणजे धुक्यातलं झाड. तुझे केस आता पांढरे झाले असतील, तूही त्या वयाला आलीस, लांबून तू आईच दिसशील. मी असंच धरून चालले. पाय ओढत घरी गेले तेव्हा मनात म्हणत होते, आली बया! एवढ्या वर्षांनी आली, तीही चोरासारखी, आणि तोंड न दाखवता गेली. इतका राग आला होता मला आणि इतका आनंद झाला होता की वाटेत रडले.

घरी आले. कुलूप जसंच्या तसं. स्वयंपाकघरात मोरीत आईचं जाड बुडाचं पातेलं भिजत पडलेलं. ती गेल्यावर मी ते स्वतः माळ्यावर टाकलं होतं. त्यात काठापर्यंत पाणी, तळाला काळी करप. दुसरी किल्ली कुठे असते ते तुला माहीत आहे. फुटक्या कुंडीखाली, अजून तिथेच. मी कुंडी उचलून पाहिली. किल्ली होती. तिच्यावर गोगलगाईचा वाळलेला माग होता, सलग. पण तूही एकदम सावध बाई, ठेवली असशील अलगद. मी असंच म्हटलं. चार दिवस असंच म्हणते आहे.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. तू पत्र फाडणार असशील तर इथवर वाचून फाडू नकोस.

नियम एकाच चमच्याचा होता ना? त्या हाताने दुसरा भरला. पुन्हा फुंकर मारली, चमचा माझ्या ओठांना लावला आणि ती कुजबुज म्हणाली, "हा काऊचा."

मी तोंड मिटलं. माझा चिऊचा घास मी खाल्ला होता. तुझा कसा खाऊ? चमचा बराच वेळ ओठाशी थांबला. मग गेला.

तुला एक गोष्ट माहीत नाही. आईने मला शपथ घातली होती, पण आता ती शपथ मोडायला तिनेच मला भाग पाडलं आहे. तुमचं ते भांडण कशावरून पेटलं ते आता मला धड सांगताही येणार नाही. भाजी चिरण्यावरून सुरू झालं आणि तुझ्या परगावच्या नोकरीवर येऊन थांबलं. तू म्हणालीस, या घरात पाऊल टाकणार नाही. ती म्हणाली, मी जिवंत आहे तोवर टाकूही नकोस. दोघी शब्दाला पक्क्या. त्यानंतर तिने तुझं नाव घेतलं नाही. मी घेतलं तर उठून जायची. पण रोज रात्रीचं जेवण झालं की ती एक वाटी बाजूला काढायची आणि तिच्यावर निळी बशी झाकायची, तू शाळेतून उशिरा यायचीस तेव्हा झाकायची तशीच. ओट्याच्या त्याच कोपऱ्यात. सकाळी ती वाटी मी खायचे. निवून गोळा झालेली असायची. रोज, ताई. शेवटच्या आजारपणात उठता येईना तेव्हा मला खुणेने सांगायची. मी झाकायचे.

ती गेली त्या दिवसापासून मी वाटी ठेवणं बंद केलं.

शनिवारी मोरीतलं पातेलं पाहून मी वळले, तर ओट्याच्या कोपऱ्यात निळी बशी होती. झाकलेली. खाली वाटी. मी हात लावला. कोमट होती.

रविवारी सकाळी लावला. कोमट. काल कोमट. तू माझी बहीण आहेस, तुला माहीत आहे मी हिशोबी बाई आहे, भुताखेतांच्या गोष्टी ऐकायला लागले तर चष्म्याचे नंबर चुकतील. तू आली असशील, किल्ली घेतली असशील, सूप केलं असशील, तेही करपवलं असशील, हे सगळं मी मान्य करते. पण सूप चार दिवस कोमट राहत नाही गं. एवढं तुलाही मान्य करावं लागेल.

बशी मी उघडलेली नाही. त्या घासावर माझा हक्क नाही. रात्री स्वयंपाकघराचा दिवा चालू ठेवून झोपते. पहिल्या रात्री भीती वाटली. आता आईची वाटत नाही. ती घरात असेल तर असू दे, तिचंच घर आहे, फार तर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवील.

भीती दुसरीच आहे. आज सकाळी दुकानात यायच्या आधी वाटीला हात लावला. कालच्यापेक्षा थोडी कमी कोमट होती. फार नाही, थोडीच. माझ्या हाताचा भासही असेल.

तू शनिवारी आली होतीस की नाही, ते आता मला सांगू नकोस. उत्तरही लिहू नकोस, पत्राला पोचायला वेळ लागतो. तिने घातलेली अट संपली आहे, ताई. ती आता जिवंत नाही. पुढच्या दारानेच ये, ताठ मानेने ये, हवं तर माझ्याशी भांडत ये.

पण निवायच्या आत ये.

वाटी राखणारी,
तुझी चिऊ