उपासाचा चहा आणि काकूचं बोलणं

आई, तुला ऐकून हसू येईल, म्हणून आधी हेच सांगते. मला थायरॉइड निघाला. गळ्यातली ती एवढीशी ग्रंथी कामचुकार झाली म्हणे. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी गोळी दिली, सकाळी उपाशीपोटी घ्या म्हणाले. मी नेमाने घेत होते, पण कपभर दुधाच्या चहाबरोबर! महिने गेले तरी रक्ताचा रिपोर्ट जागचा हलेना. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, उपाशीपोटीच घेते. चहा उपासाला चालतो ना!" बिचारे कपाळाला हात लावून बसले. "बाई, गोळीला एकादशी कळत नाही. नुसतं पाणी, आणि चहा तासाभराने." आपल्या घरात चहा खाण्यात कधी धरलाच नाही, त्याला मी काय करू? आता तो तासभर मी ओट्यापाशी घड्याळाकडे बघत उभी असते, आणि हटकून तू आठवतेस.

मे महिना आहे, वारा पडलाय, पडवीत सगळे घामाने निथळताहेत, आणि तू बाबांचा जुना स्वेटर घालून फणसाचे गरे काढते आहेस. "हिला बघा, मे महिन्यात हुडहुडी!" काकू म्हणते. सगळे हसतात, तूही हसतेस. सकाळी तुझा चेहरा सुजलेला असायचा, आवाज घोगरा, फणीत केसांचा पुंजका. तांदूळ निवडता निवडता बसल्या जागी डोळा लागायचा. वजन उतरावं म्हणून तू सोमवार धरलास, मग चतुर्थी, मग एकादशी. देव वाढत गेले आणि ब्लाउजची शिवण दरवर्षी उसवावी लागली. काकूने मात्र वाडीभर सांगून टाकलं, "चोरून खाते हो! नाहीतर वाऱ्यावर का कोणी फुगतं?" तू मग सगळ्यांना पान दिसेल अशी जेवायला बसायला लागलीस. त्याचा मला अजून संताप येतो, आई.

डॉक्टरांनी मला समजावलं ते असं. त्या ग्रंथीतून जो रस रक्तात जातो, त्यावर शरीराची चूल किती पेटायची ते ठरतं. रस कमी पडला की चूल मंदावते. खाल्लेलं तेवढंच, पण जळतं कमी. मग थंडी वाजते, झोप येते, अंगात पाणी धरतं. "पण सगळं वजन थायरॉइडच्या माथी मारू नका हं, त्याचे थोडेच किलो असतात," असंही त्यांनी बजावलं. म्हणजे उरलेले माझ्या घावनांचे! मी कबूल केलं. चहा उशिरा घ्यायला लागल्यापासून दिवसाची पेंग गेली, पाय गरम राहतात, साडीच्या निऱ्याही एक-दोन जास्त पडतात. मग मी त्यांना तुझं सगळं सांगितलं, स्वेटरसकट.

गेल्या रविवारी पालीला काकूकडे गेले. आता थकलीय, पण जीभ तशीच. आमसुलं निवडत होती. मी सरळ म्हटलं, "काकू, आई कधी चोरून खात नव्हती. तिला माझाच आजार होता."

तिचा हात थांबला. "नक्की?"

"नक्की. डॉक्टर म्हणाले."

तिने हातातली आमसुलं खाली ठेवली. "मी तिला काय काय बोलले गो बये," म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मला वाटलं, आता रडत बसेल. कसली! तशीच उठली, कुंपणाच्या गडग्याशी गेली आणि शेजारणीला हाक मारली, "ऐकलंस काय गो? आमची जाऊबाई आजारी होती हो! चोरून कधी कणभर खाल्लं नाही तिने!" शेजारीण लग्न होऊन आली तेव्हा तू गेलेलीसुद्धा होतीस. तरी तिने मान डोलावली. काकू पुढच्या घराकडे निघाली, मी चहा टाकला आणि एकटीच हसत बसले. इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार मी? टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं, काकूच्या हाती लागायचं. कारण तुझं सगळं ऐकून डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "असू शकेल. पण तेव्हा रक्त तपासलंच नाही, आता कोण सांगणार?" ते 'नक्की' मी माझ्या पदरचं घातलं.